वाईट कावळा, वाईट अंडं – फसव्या युक्तिवादाची ग्रीक शाळा

शिंपला

गेली अकरा वर्षं मी शाळेत वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांसाठी मुलं तयार करते. विषय जाहीर झाला की दोन भाषणं लिहायची, एक बाजूने आणि एक विरोधात. मुलांनी ती पाठ करायची, मी आवाजाचे चढउतार बसवून घ्यायचे. दोन फिरत्या ढाली शाळेच्या कपाटात आहेत. त्यांचा मला अभिमान होता.

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या आठवीतल्या मुलीला समोरच्या मुलाने एक साधा प्रश्न विचारला. मी लिहून दिलेल्या भाषणात त्याचं उत्तर नव्हतं. तिने भाषणाचा पुढचा परिच्छेद म्हटला. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तिने त्याच्या पुढचा परिच्छेद म्हटला. खाली आल्यावर ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "बाई, ते कागदात नव्हतं."

मे महिन्याच्या सुट्टीत अ‍ॅरिस्टॉटलचं एक छोटं पुस्तक वाचायला घेतलं, सोफिस्ट मंडळींच्या, म्हणजे प्राचीन ग्रीसमध्ये फी घेऊन बोलणं शिकवणाऱ्यांच्या, फसव्या खंडनांबद्दलचं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात तो सांगतो, की पैसे घेऊन वादविवाद शिकवणारे लोक गॉर्जियास या सोफिस्टाच्या पद्धतीने शिकवत. म्हणजे शिष्यांच्या हातात तयार भाषणं ठेवत आणि पाठ करून घेत. शिकवणं झटपट व्हायचं, पण त्यात शास्त्र नव्हतं. पुढे तो उदाहरण देतो. कोणी सांगितलं, की पाय दुखू नयेत याची विद्या मी देतो. आणि मग चपला शिवायला शिकवण्याऐवजी निरनिराळ्या मापांचे जोड समोर मांडले. त्याने गरज भागवली, विद्या दिली नाही.

ते वाचून मी दोन दिवस पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

मग ही शाळा सुरू कुठे झाली ते शोधत मागे गेले. जुन्या लेखकांनी सांगितलेली कथा सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातून सुरू होते. इ.स.पू. ४६५ च्या सुमारास तिथली हुकूमशाही कोसळली. आधीच्या सत्ताधीशांनी लोकांच्या जमिनी काढून आपल्या माणसांना दिल्या होत्या. आता मूळ मालक त्या परत मागू लागले. सातबारासारखा कागद नाही, साक्षीदार मेलेले नाहीतर परागंदा झालेले, आणि कोर्टात ज्याचं त्याने उभं राहून बोलायचं. काय घडलं ते सिद्ध करता येत नसेल, तर काय घडलं असणं संभवतं ते पटवायचं. ही कला शिकवणारा पहिला गुरू कोरॅक्स आणि त्याचा शिष्य टिसियास, असं परंपरा मानते. 'संभवनीय' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे एइकोस. पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी त्या एका शब्दात आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने कोरॅक्सच्या नावावर दिलेलं उदाहरण बघा. मारहाणीचा आरोप आहे. आरोपी किडकिडीत असेल तर म्हणतो, "माझ्या अंगात बळ नाही, मी मारणं संभवत नाही." हे ठीक. पण आरोपी दांडगा असेल तर? तो म्हणतो, "मी दांडगा, म्हणजे पहिला संशय माझ्यावरच येणार हे मला माहीत होतं. मग मी मारेन कशाला?"

दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, सारखं नाही. किडकिडीत माणसाचं संभवणं साधं, बिनशर्त आहे. दांडग्याचं संभवणं एका विशिष्ट अटीवर उभं आहे, आणि ती अट न सांगता ते साध्या संभवण्याच्या शेजारी ठेवलं आहे. दुबळी बाजू बळकट करणं म्हणतात ते हेच, आणि प्रोटॅगोरस या सोफिस्टाने ते शिकवण्याची ग्वाही दिल्यावर लोक चिडले ते बरोबरच होतं, असं तो स्पष्ट लिहितो.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते यावर. मुलांना दोन्ही बाजूंनी बोलायला शिकवणं चूक आहे का? की ते बरोबर आहे आणि माझी चूक दुसरीकडेच आहे?

अडकित्ता

छान धागा. शीर्षकातला कावळा कुठला ते सांगा ना.

शिंपला

कोरॅक्स या ग्रीक शब्दाचा अर्थच कावळा.

कथा अशी, की शिष्याने फी बुडवली आणि कोरॅक्सने त्याच्यावर दावा लावला. शिष्य कोर्टात म्हणाला, "मी जिंकलो तर निकालाप्रमाणे फी द्यायची नाही. हरलो, तर तू मला वाद जिंकायला शिकवलंच नाहीस, मग फी कसली?" गुरूने तेच उलटं फिरवलं: "मी जिंकलो तर निकालाने फी मिळेल. तू जिंकलास तर माझी विद्या खरी ठरली, म्हणून फी दे." ऐकणाऱ्यांनी दोघांनाही हाकलून दिलं आणि म्हणाले, "वाईट कावळ्याचं वाईट अंडं." पुढे ती ग्रीकांत म्हणच झाली.

हीच कथा प्रोटॅगोरस आणि युआथलस यांच्या नावानेही सांगतात. तिथे अर्धी फी आधी दिलेली असते आणि उरलेली शिष्याने पहिला खटला जिंकल्यावर द्यायची असते. शिष्य खटले घेतच नाही, शेवटी गुरूच त्याच्यावर खटला भरतो. रोमन लेखक ऑलस गेलियस म्हणतो, की न्यायाधीशांनी निकालच पुढे ढकलला.

कोर्टाची पायरी

मी एकवीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करतो, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी युआथलसचं. निकाल पुढे ढकलायची काही गरज नव्हती. दावा दाखल झाला त्या दिवशी युआथलसने एकही खटला जिंकलेला नाही, म्हणजे पैसे देय झालेलेच नाहीत. दावा मुदतीआधीचा म्हणून फेटाळावा. फेटाळला, की युआथलसने आयुष्यातला पहिला खटला जिंकला. आता देय झाले. प्रोटॅगोरसने दुसऱ्या दिवशी नवा दावा लावावा, तो मंजूर व्हावा. करार आणि निकाल एकाच वेळी तोंडात कोंबले की कोडं होतं. एकामागून एक घेतले की सुटतं.

आता मूळ मुद्दा. शिंपला ताई, त्या वेळचं अथेन्सचं कोर्ट डोळ्यांपुढे आणा. सरकारी वकील नाही. खाजगी वकीलही नाही. चांभार असो की शेतकरी, आरोपीने स्वतः बोलायचं. फार तर लिसियास किंवा अँटिफॉनसारख्याकडून भाषण लिहून घ्यायचं आणि पाठ करून जायचं. समोर २०१, ५०१ असे पंच, चिठ्ठीने निवडलेले सामान्य नागरिक. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ: मातीच्या भांड्याच्या बुडाशी भोक, पाणी संपलं की बोलणं बंद. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात असं एक भांडं सापडलं आहे, ते साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. पंच आपसांत चर्चा करत नाहीत, सरळ मत टाकतात. आणि त्या मतावर माणसाचा जीव, घर, नागरिकत्व.

अशा ठिकाणी ज्याला बोलता येत नाही तो खरा असूनही मरतो. पिढीजात श्रीमंतांच्या मुलांना बोलणं घरातच मिळत होतं. सोफिस्टांनी ते विकत का होईना, बाहेर आणलं. मी रोज अशी माणसं बघतो, ज्यांची बाजू खरी आहे पण साहेबांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी दुबळी बाजू बळकट करायलाच हवी.

आणि फीबद्दल एवढी नावं ठेवतात म्हणून सांगतो. प्लेटोच्याच संवादात प्रोटॅगोरस सांगतो, की माझी फी कोणाला जास्त वाटली तर त्याने देवळात जावं, या शिक्षणाची किंमत काय वाटते ते शपथेवर सांगावं आणि तेवढेच पैसे ठेवावेत. फसवणारा माणूस अशी सोय ठेवेल का?

नीलमोहर

कोर्टाची पायरी यांच्याशी सहमत, आणि त्यात भर.

सोफिस्टांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक त्यांच्या विरोधकांनी लिहिलेलं आहे. प्रोटॅगोरसची पुस्तकं गेली, काही वाक्यं उरली. 'सोफिस्ट' हा शब्द 'सोफॉस' म्हणजे शहाणा यावरून आला आणि आधी तो कवी आणि ज्ञानी माणसांनाही आदरानेच लावत. शिवी झाली ती नंतर. मराठीतसुद्धा कित्येकदा त्यांना सरसकट 'वितंडवादी' म्हणून टाकतात, म्हणजे खटला चालायच्या आधीच निकाल.

आणि ते सगळे एका माळेचे मणी नव्हते. केऑस बेटाचा प्रॉडिकस जवळच्या अर्थाच्या शब्दांतला फरक शिकवायचा. त्याचं पूर्ण व्याख्यान ५० द्राख्मांचं होतं, आणि कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १ द्राख्मा होती. सॉक्रेटिस म्हणतो, मी फक्त १ द्राख्मावालं ऐकलं. एलिसचा हिप्पियस गणित, खगोल, स्मरणविद्या सगळं शिकवायचा आणि एकदा ऑलिंपियाला आला तेव्हा त्याच्या अंगावरचं वस्त्र, पायातलं पायताण, बोटातली अंगठी, सगळं त्याने स्वतः बनवलेलं होतं. (ताईंच्या चपलांच्या उदाहरणात हा बसत नाही, याला शिवता येत होत्या.)

गॉर्जियासचं मात्र एक अख्खं भाषण आपल्यापर्यंत पोचलं आहे आणि ते प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. हेलनचं समर्थन. ट्रॉयच्या युद्धाला कारण म्हणून जिला सगळ्या ग्रीसने दोष दिला, तिची बाजू त्याने घेतली. ती गेली कशी? देवांच्या इच्छेने, किंवा जबरदस्तीने, किंवा शब्दांनी भुलवून, किंवा प्रेमाने. चारांपैकी काहीही असलं तरी दोष तिचा नाही. तिसऱ्या कारणापाशी तो थांबतो आणि शब्दाबद्दल बोलतो: शब्द हा मोठा सत्ताधीश आहे, देह अगदी लहान, न दिसणारा, पण करणी दैवी. औषधं शरीरावर चालतात तसे शब्द मनावर चालतात. काही औषधं रोग संपवतात, काही आयुष्य.

स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मला लबाड वाटत नाही. तो तुम्हाला आधीच सांगतोय, की माझ्या हातात विष आहे.

शिंपला

नीलमोहर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ अडले. हो, तो सांगतो. पण त्याच भाषणाच्या शेवटच्या ओळीत तो काय म्हणतो? हे हेलनचं गुणगान, आणि माझा खेळ. खेळणं या अर्थाचाच शब्द आहे तिथे. आणि युक्तिवाद पुन्हा तपासा. शब्दांनी भुललेल्या माणसावर जबाबदारी नाही असं मान्य केलं, तर ऐकणाऱ्याकडे विचार करायची ताकदच उरत नाही. वर्गातल्या मुलांना मी हे कसं शिकवू, की समोरचा चांगलं बोलला की तुमचा दोष संपला?

कोर्टाची पायरी, तुमचं चित्र पटलं. एक गोष्ट मात्र सांगते. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात टिसियासचा खटला येतो. एक अंगाने बारीक पण धीट माणूस एका दांडग्या भित्र्याला मारून त्याचा अंगरखा पळवतो. दोघे कोर्टात जातात. टिसियासचा सल्ला काय, तर दोघांनीही खरं सांगू नये. दांडग्याने म्हणावं, मला एकट्याने नाही, अनेकांनी मारलं. कारण एकट्याला भ्यालो हे कोणाला पटेल? बारक्याने म्हणावं, हा एवढा मोठा, मी याच्यावर हात कसा टाकेन? इथे गरिबाची खरी बाजू कुठे आहे? ज्याने मार खाल्ला त्यालासुद्धा ही विद्या खोटं बोलायला लावते, कारण खरं असंभवनीय दिसतं. माझं दुखणं नेमकं हे आहे.

कोर्टाची पायरी

हे मान्य करतो. खरं सांगायचं तर असे अशील माझ्याकडेही येतात. घडलेलं इतकं विचित्र असतं, की ते स्वतःच विचारतात, "साहेब, थोडं बदलून सांगू का, पटेल असं?" मी नाही म्हणतो. पण ते का विचारतात हे मला कळतं.

उंबरठा

संस्कृतची विद्यार्थिनी आहे, म्हणून न्यायसूत्रांची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या सूत्रांची आठवण झाली. (इथे न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे.) ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून, तो वाद मला इथे नको आहे. दोघांनी एकच दुखणं पाहिलं एवढंच म्हणते.

नीलमोहर यांनी 'वितंडवादी' म्हटलं त्यावर: रोजच्या मराठीत वितंडवाद म्हणजे कुठलंही निष्फळ भांडण. न्यायशास्त्रात अर्थ नेमका आहे. वाद म्हणजे तत्त्व कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, त्यात छलसुद्धा, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम फिरवणंसुद्धा, वापरतात. वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची पाडणं. या व्याख्येने पाहिलं तर प्रोटॅगोरस वितंडवादी नव्हेच, तो दोन्ही बाजू मांडायचा.

छलाचं प्रसिद्ध उदाहरण नवकंबलाचं. 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, "कुठे आहेत नऊ? एकच तर दिसते." 'नव' शब्दाचे दोन अर्थ, म्हणून वाक्छल.

ताईंच्या प्रश्नाला याच शास्त्रात एक उत्तर आहे. मग जल्प आणि वितंडा शिकवायच्याच कशाला? सूत्र म्हणतं, तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसं. आमच्या गावाकडे बांधावर बाभळीच्या काट्या लावतात तेच. काट्या खायच्या नसतात, पण लावाव्या लागतात.

जुनी वही

वाचतोय, फार छान चाललंय. एक घटना इथे आलीच पाहिजे असं वाटतं.

इ.स.पू. ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते मोडलं गेलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं, की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायकामुलं गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, सभा पुन्हा भरली.

क्लीऑन उठला. हुकूम कायम ठेवा म्हणणारा. तो अथेन्सकरांना काय म्हणाला ते ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने दिलंय: तुम्ही कानाच्या सुखाचे दास झाला आहात, शहराचा निर्णय करणाऱ्यांसारखे बसत नाही, सोफिस्टांचा प्रयोग बघायला आलेल्या प्रेक्षकांसारखे बसता. आता गंमत नव्हे, भीती वाटावी अशी गोष्ट ही, की क्लीऑन स्वतः त्या सभेतला अत्यंत प्रभावी वक्ता होता. वक्तृत्वावर अविश्वास दाखवणं हीच त्याची वक्तृत्वातली चाल होती.

त्याला उत्तर दिलं डायोडोटसने. त्याने दयेचा मुद्दा काढलाच नाही. न्यायाचाही नाही. फक्त म्हणाला, ठार करणं आपल्या फायद्याचं नाही. उद्या बंड करणारं कुठलंही शहर शरण येणार नाही, शेवटपर्यंत लढेल. आणि मधेच एक वाक्य असं बोलला, की या शहरात चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास मिळवण्यासाठी खोटं बोलावं लागतं.

थोड्या मतांनी डायोडोटस जिंकला. दुसरं जहाज निघालं. वल्हेकरी वल्ही मारता मारताच दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात होते, आळीपाळीने झोपत होते. पहिलं जहाज असल्या कामासाठी घाईने चाललं नव्हतं. सेनापतीने हुकूम वाचून नुकताच संपवला होता तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं. शहर वाचलं. (बंडाच्या म्होरक्यांना मात्र मारलंच, थ्युसिडिडीस हजाराहून थोडे जास्त म्हणतो.)

त्याच वर्षी सिसिलीतल्या लिओंटिनी गावचा दूत म्हणून गॉर्जियास अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणांनी लोक वेडे झाले. म्हणजे शहर आधीच तयार होतं.

माझा प्रश्न असा आहे: डायोडोटसने जे केलं ते फसवणं का? मनात दया असेल आणि तोंडात फायदा असेल, तर?

नीलमोहर

मी तर म्हणेन हजारोंचे जीव वाचले, मग नाव काहीही द्या.

उंबरठा

नाव काहीही देऊन चालणार नाही असं मला वाटतं. डायोडोटसने दिलेलं कारण खोटं नव्हतं. शरण येणाऱ्यांना मारलं तर पुढचे शरण येत नाहीत, हे खरंच आहे. त्याने एक खरं कारण सांगितलं आणि दुसरं झाकलं. दांडग्या आरोपीने दिलेलं कारण खरं होण्यासाठी तो निर्दोष असावा लागतो, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं. या दोघांना एका खात्यात कसं टाकायचं?

अडकित्ता

एक प्रामाणिक शंका. सॉक्रेटिसही लोकांना प्रश्न विचारून निरुत्तर करायचाच ना? मग तो सोफिस्ट का नाही? पैसे घेत नव्हता एवढ्यावरून?

शिंपला

अडकित्ता, हीच शंका अथेन्सच्या लोकांनाही होती, आणि त्याची किंमत सॉक्रेटिसने मोजली.

इ.स.पू. ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'ढग' हे प्रहसन झालं. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी कर्जात बुडालेला म्हातारा सॉक्रेटिसच्या 'विचारशाळेत' जातो, सावकारांना बुडवणारा युक्तिवाद शिकायला. स्वतःला जमत नाही म्हणून मुलाला पाठवतो. मुलगा शिकून येतो आणि बापाला बदडतो. वर सिद्ध करून दाखवतो, की तुम्ही मला लहानपणी माझ्या भल्यासाठी मारलंत, तर मीही तुम्हाला तुमच्या भल्यासाठी मारू शकतो. स्पर्धेत नाटकाला शेवटचा, तिसरा क्रमांक मिळाला. पण चोवीस वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, सॉक्रेटिस खटल्यात उभा राहिला तेव्हा म्हणाला, माझे खरे फिर्यादी हे समोरचे नाहीत. तुम्ही लहान असताना तुमच्या कानात भरलं गेलं तेच जुने फिर्यादी जास्त भयंकर. त्या जुन्या आरोपात एक कलम हेच होतं: हा दुबळी बाजू बळकट करतो.

फरक मला प्लेटोच्या 'युथिडेमस'मध्ये दिसला. युथिडेमस आणि डायोनिसोडोरस हे दोघे भाऊ, उतारवयात ही विद्या शिकून आलेले. ते एका तरुणाला विचारतात, "तुझ्याकडे कुत्रा आहे?" आहे. "त्याला पिल्लं आहेत?" आहेत. "म्हणजे तो बाप आहे." हो. "आणि तो तुझा आहे." हो. "मग तो बाप आहे आणि तुझा आहे, म्हणजे तो तुझा बाप, आणि तू पिल्लांचा भाऊ."

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं खूप हसली, मग एकाएकी गप्प झाली. चूक कुठे आहे ते कोणालाच नीट सांगता येईना. 'तुझा' हा शब्द एकदा मालकी सांगतो आणि एकदा नातं, हे फळ्यावर लिहायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

त्या दोघा भावांना उत्तर कुठलंही आलं तरी चालतं, दोन्ही उत्तरांसाठी सापळा तयार असतो. मधेच कोणी "कुठल्या अर्थाने?" असं विचारलं, की ते चिडतात, फक्त हो-नाही सांग म्हणतात. सॉक्रेटिस मात्र समोरच्याला मागे जाऊ देतो. आधी कबूल केलेलं परत घ्यायचं असेल तर घे, म्हणतो. फीचा मुद्दा मला दुय्यम वाटतो.

अ‍ॅरिस्टॉटलने पुढे असे सापळे मोजून तेरा प्रकार केले, सहा भाषेतून येणारे, सात भाषेबाहेरचे. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात मुलं तर्कदोष शिकतात ती वाट तिथूनच येते. पण तेरा नावांपेक्षा मला त्याने सुरुवातीला दिलेलं कारण मोलाचं वाटलं. वाद घालताना आपण वस्तू समोर आणू शकत नाही, म्हणून त्यांच्या जागी शब्द ठेवतो, हिशेब करणारा खडे ठेवतो तसे. पण शब्द मोजके आणि वस्तू अगणित, म्हणून एका शब्दाला अनेक वस्तूंचं ओझं वाहावं लागतं. आणि ज्याला खड्यांचा हिशेब येत नाही त्याला येणारा माणूस फसवतो.

मला माझं उत्तर इथे सापडायला लागलं आहे. दोन्ही बाजूंनी बोलायला शिकवणं चूक नव्हतं. मी मुलांना खडे मोजून दिले, मोजायला दिले नाहीत.

कोर्टाची पायरी

ताई, मग यंदा काय करणार? स्पर्धा तर तशीच राहणार. परीक्षक पाठांतरालाच गुण देतात.

शिंपला

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. करून बघून मगच लिहायचं होतं.

अँटिफॉनची सरावासाठी लिहिलेली भाषणं आहेत, तुम्ही वर ज्याचं नाव घेतलंत तोच अँटिफॉन. एका काल्पनिक खटल्यावर चार भाषणं, दोन फिर्यादीची, दोन बचावाची, चारही एकाच हाताची. खटला असा: व्यायामशाळेत मुलं भालाफेकीचा सराव करत होती. एकाने भाला फेकला, तेवढ्यात दुसरा मुलगा मधे धावत आला आणि भाला लागून मेला. मेलेल्या मुलाचा बाप फिर्यादी, फेकणाऱ्याचा बाप बचावाला. बचाव म्हणतो, भाला ठरलेल्या जागेतच गेला, मुलगाच मधे आला, म्हणून त्याच्या मरणाला तोच कारण. चरित्रकार प्लुटार्कने असंही लिहिलंय, की अशाच एका अपघातावर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस आणि प्रोटॅगोरस दिवसभर बोलत बसले होते: दोष भाल्याचा, फेकणाऱ्याचा की खेळ भरवणाऱ्यांचा?

सातवी-आठवीची नऊ मुलं बसवली. भाषण एकही दिलं नाही, फक्त घटना सांगितली. नियम दोन. बोलायच्या आधी समोरच्या बाजूचं म्हणणं त्यांना पटेल असं सांगून दाखवायचं. आणि "कुठल्या अर्थाने?" असं कोणीही, कधीही, मधेच विचारू शकतो.

पहिला दिवस वाया गेला. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, कागद कधी मिळणार म्हणून. दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, फेकणाऱ्याने मुद्दाम केलं नाही म्हणजे दोष नाही. दुसऱ्याने विचारलं, "दोष कुठल्या अर्थाने? शिक्षा व्हायचा, की मनाला लागायचा?" मी गप्प बसले. अवघड गेलं, पण बसले.

डिसेंबरात कागदात नव्हतं म्हणणारी ती मुलगी बचावाच्या बाजूला होती. बचावाचं सगळं म्हणणं 'तो स्वतःच धावत आला' यावर उभं होतं आणि तिला ते आवडलेलंही होतं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बाई, पण तो मधे आला का? त्याला कोणी बोलावलं होतं का?"

तिने चारांपैकी एकही भाषण वाचलेलं नाही. अँटिफॉनच्या तिसऱ्या भाषणात फिर्यादी नेमकं तेच पुढे आणतो: भाले गोळा करायला म्हणून शिक्षकाने हाक मारली होती.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता मी बाजू बदलू का, की याच बाजूने उत्तर शोधू?" बुधवारी पुन्हा बसतोय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.